टपावरील तंबू : चढविण्याची आणि उतरविण्याची रीत

मोटारीच्या टपावर घडी करून बसविलेला आणि मुक्कामाच्या जागी पोहोचताच काही मिनिटांत उलगडून दोघातिघांनी आत निजावे असा तंबू अलीकडे मुंबई-पुण्याकडून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांवर वरचेवर दिसू लागला असून, हिवाळ्याच्या दिवसांत महामार्ग सोडून खेडमार्गे दापोली, हर्णै, मुरूडकडे वळणाऱ्या प्रवाशांचे पाहून आमच्या तालुक्यातील हौशी मंडळींनीही असे तंबू आणविण्यास आरंभ केला आहे. कल्पना मुळातली येथील नव्हे. इटलीत १९५८ सालापासून असे तंबू तयार होत आले आहेत आणि एकेकाळच्या पूर्व जर्मनीत ट्राबंटसारख्या चिमुकल्या गाडीच्या टपावरही लोक ते बांधून सुटीला निघत असत. परंतु तंबूसोबत जे सूचनापत्रक येते ते लिहिताना जगबुडीच्या खोऱ्यातील पावसाळा, हर्णैची खारी हवा किंवा रघुवीर घाटाची वळणे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असण्याचे कारण नाही. सबब त्या पत्रकाला जोड म्हणून, खेड आणि आसपासच्या मुलुखात राहणाऱ्या वाचकांसाठी, हे मार्गदर्शन लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम सांगतो. कोरड्या हवेच्या देशांत कित्येकजण असा तंबू वर्षानुवर्षे टपावरून काढीत नाहीत. कोकणात तसे करणे म्हणजे कापडाला बुरशीच्या, पोलादाला गंजाच्या आणि गाडीच्या टपाला नाहक ओझ्याच्या स्वाधीन करणे होय. येथे तंबू दिवाळी उरकल्यावर कार्तिकात चढवावा आणि मृग लागण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, उतरवून घरात घ्यावा. हा नियम एकदा मान्य केला की चढविण्याच्या कामाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. जो बोल्ट आज आवळावयाचा तो सहासात महिन्यांनी सुखरूप सुटला पाहिजे, जी वस्तू आज चारजणांनी वर नेली ती त्याच चारजणांना कोणास इजा न होता खाली आणता आली पाहिजे, हा विचार चढवितानाच करावयाचा असतो. आणि माझ्या मते या विद्येतील निम्मे कौशल्य त्यातच आहे.

तंबू विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीचे मालक-पुस्तक उघडून टपावर किती भार चालतो हा आकडा शोधावा. हा आकडा गाडी चालत असतानाचा असतो आणि पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान आढळतो. कापडी घडीचा तंबू साधारणतः ४५ ते ७० किलोंचा, तर कठीण कवचाचा त्याहूनही जड असू शकतो. समजा, गाडीला ७५ किलोंची मर्यादा आहे, तंबू ६० किलोंचा आहे आणि ज्या आडव्या दांड्यांवर तो बसणार त्या ७ किलोंच्या आहेत. तर शिल्लक राहिले अवघे ८ किलो, आणि गाद्या-पांघरुणे तंबूच्या घडीतच ठेवून प्रवास करण्याचा मोह येथेच आवरला पाहिजे. यावर पुष्कळांच्या मनात एक रास्त शंका येते, ती अशी की चालत्या गाडीला ७५ किलो सोसत नाहीत, तर रात्री दोन माणसे वर निजल्यावर होणारे दोनशे किलो ती कसे सोसते? उत्तर असे की उभ्या गाडीवर भार केवळ खाली दाबतो आणि तो दांड्यांवाटे गाडीच्या चौकटीच्या खांबांत सरळ उतरतो. चालत्या गाडीत मात्र ब्रेक दाबताच तोच भार पुढे ओढतो, वळणावर बाजूला ओढतो आणि खड्ड्यातून चाक उसळले की क्षणभर कितीतरी पटींनी वाढून आदळतो. म्हणून उभ्या गाडीची सहनशक्ती चालत्या गाडीच्या कित्येक पट असते. तथापि हा आधार गृहीत धरून न चालता गाडीच्या व दांड्यांच्या निर्मात्याकडून दोन्ही आकडे स्वतंत्रपणे मागून घ्यावेत.

याच ठिकाणी आपल्याकडील गाड्यांसंबंधी एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. हल्ली अनेक मोटारींच्या टपावर दोन्ही कडांना ज्या चकचकीत पट्ट्या दिसतात त्यांतील कित्येक केवळ शोभेच्या असतात. त्या चिकटविलेल्या किंवा लहानशा खिट्ट्यांवर बसविलेल्या असून भार वाहण्यासाठी केलेल्याच नसतात. अशा पट्टीवर तंबू बांधून भोस्ते घाटात शिरणे म्हणजे स्वतःच्याच नव्हे तर मागून येणाऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. हाताला पट्टी भक्कम लागते एवढ्यावर विसंबू नये, मालक-पुस्तकातील मजकूर हाच पुरावा मानावा. ज्यांच्याकडे बोलेरो किंवा जिप्सीसारखी, टपाच्या कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असलेली जुन्या बांधणीची गाडी आहे त्यांना त्या पन्हळीस पकड घेणारे पाय मिळतात आणि ही सोय आजही उत्तम आहे. मात्र पन्हळीच्या आत गंज धरला आहे काय हे टोकदार खिळ्याने टोचून आधी पाहून घ्यावे, कारण समुद्रकाठच्या गाड्यांना तो रोग वरचा रंग शाबूत असतानाच आतून लागलेला असतो.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणी-दाखल्यातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल गाडीत करता येत नाही. टपाला छिद्रे पाडून, चौकटीला सळया सांधून कायमची मांडणी करण्याच्या भरीस म्हणूनच पडू नये. बोल्ट काढले की गाडी पूर्ववत् व्हावी अशीच योजना असावी, तंबूचा कोणताही भाग गाडीच्या रुंदीबाहेर येऊ नये, आणि रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात व आपल्या विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून आलेले उत्तर गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे.

आता प्रत्यक्ष कामास लागू. जागा सपाट हवी. घरापुढचे सारवलेले किंवा फरसबंद खळे याला फार चांगले. हातब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्हीकडून चिऱ्याचे तुकडे लावावेत. प्रथम आडव्या दांड्या बसवाव्यात. दोन दांड्यांमधील अंतर तंबूच्या निर्मात्याने सांगितले असेल तेच ठेवावे. बहुधा ते पाऊण मीटर किंवा त्याहून अधिक असते, आणि दांड्या फार जवळ आल्या तर तंबू पुढेमागे डुलू लागतो. दोन्ही बाजूंनी टेपने मोजून त्या परस्परांना समांतर आहेत याची खात्री करावी, कारण येथे राहिलेली बोटभर तफावत पुढे बोल्ट तिरका बसवून आपला हिशेब चुकता करते.

तंबू खाली असतानाच, त्याच्या तळाला बसवावयाच्या दोन लांब पन्हाळी पट्ट्या जोडून घ्याव्यात आणि तो कोणत्या दिशेस उघडणार हे ठरवावे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणारे लोक. रस्त्याकाठी थांबण्याची वेळ आली तर शिडी वाहतुकीच्या बाजूस उतरू नये, एवढ्यासाठी बाजूने उघडणारा तंबू डावीकडे उघडेल असा बसविणे इष्ट. मागे उघडणाऱ्या तंबूची गोष्ट वेगळी, पण तेथे डिकीचे झाकण उचलले असता ते तंबूच्या तळाला थडकत नाही ना, हे बोल्ट आवळण्यापूर्वीच पाहावे. तंबूचा मध्य दोन्ही दांड्यांच्या मध्यावर यावा आणि पुढची कड वाऱ्याच्या तोंडी येईल इतकी काचेवर झुकू नये.

उचलण्यासाठी चार माणसे लागतात. तिघांत भागेल असे म्हणणारा नेहमीच भेटतो, त्याचे ऐकू नये. चौघांपैकी एकाने हुकूम द्यावयाचा आणि बाकीच्या तिघांनी तो पाळावयाचा, हे आधी ठरलेले असावे, कारण दोघांनी एकाच वेळी ‘उचला’ आणि ‘थांबा’ म्हटले म्हणजे कंबर लचकते ती तिसऱ्याची. टायरवर किंवा दाराच्या उंबऱ्यावर पाय ठेवून तोल सावरीत उचलण्यापेक्षा गाडीच्या दोन्ही अंगांना भक्कम घडवंच्या मांडून त्यांवर उभे राहावे. टपाच्या कडेवर जाड घोंगडी पसरावी, तंबूची एक कड आधी मागच्या दांडीवर टेकवावी आणि मग तो न घासता, उचलून पुढे सरकवावा.

ज्यांच्या घरी मनुष्यबळ कमी आहे त्यांच्यासाठी चेन-पुलीचा मार्ग आहे, आणि मला तोच अधिक पसंत आहे. गाडी उभी राहते त्या पडवीच्या किंवा शेडच्या तुळईला चेन-पुली टांगून, तंबूखालून दोन रुंद पट्टे घेऊन तो संथपणे वर उचलावा आणि मग तंबू न हलविता गाडीच मागे घेत त्याच्याखाली आणावी. मात्र जुन्या घरातील तुळई डोळ्यांना अखंड दिसली तरी वाळवीने आतून पोखरलेली असू शकते. ती ठोकून, टोचून, सुताराला दाखवून खात्री झाल्यावाचून तिच्यावर हा भार टाकू नये, आणि लटकत्या तंबूखाली कोणीही, विशेषतः कुतूहलाने धावत येणारी मुले, जाणार नाहीत असा बंदोबस्त करावा.

बोल्ट हे या सगळ्या व्यवहाराचे मर्म आहे. तळपट्टीच्या खाचेत बोल्टाचे डोके सरकवून, दांडीखालून पकडपट्टी देऊन, वॉशर घालून नायलॉनच्या कड्याचा नट लावावयाचा, ही सर्वसाधारण रचना. सगळे नट प्रथम हातानेच फिरवावेत, तंबू चौकटीत सरळ बसला हे दुरून पाहून घ्यावे आणि मगच पाना हाती घ्यावा. एक कोपरा पुरता आवळून दुसऱ्याकडे न जाता, कर्णरेषेने समोरासमोरचे नट थोडथोडे आवळीत जावे. किती आवळावे याचा आकडा सूचनापत्रकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो आणि तो पाळण्यासाठी टॉर्क-पाना वापरावा. खेड-भरण्याच्या गॅरेजवाल्याकडून तो घटकाभर मागून आणला तरी चालेल. जोर लावून आवळले म्हणजे काम पक्के झाले ही समजूत सर्वत्र पसरलेली आहे आणि येथे ती फार नुकसान करते, कारण तळपट्टी अ‍ॅल्युमिनियमची असते, अतिजोराने तिची खाच उसवते, आणि उसवलेली खाच घाटातील दोनचार धक्क्यांत बोल्ट सोडून देते.

खाऱ्या हवेत आणखी एक उपद्रव असतो. स्टेनलेस पोलादाचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी या दोन भिन्न धातूंमध्ये खारट ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते, पांढरी भुकटी साचते आणि पुढे उतरविण्याच्या वेळी बोल्ट जागचा हलत नाही. यासाठी आट्यांना न जाम होणारे वंगण किंचित लावावे. मात्र वंगण लावलेल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कने पकड अधिक बसते, म्हणून त्या स्थितीचा आकडा निर्मात्याला विचारून घ्यावा. नायलॉनच्या कड्याचे नट एकदा काढले की त्यांची पकड उणावते, तेव्हा दर कार्तिकात नवे नट वापरावेत. हा खर्च इतका क्षुल्लक आहे की त्यात काटकसर करणे मला अक्षम्य वाटते. सगळे आवळून झाल्यावर नट व पकडपट्टी यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ मोडलेली दिसली की नट फिरला, हे पाना न लावताच कळते.

पहिल्या प्रवासात फेरतपासणी टाळता येत नाही. खेडहून फुरूसमार्गे दापोलीस पोहोचेतो सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता होतो; तेथे उतरून सगळ्या रेघा पाहाव्यात, तंबूला हात घालून हलवावे, गाडीसकट हलला तर ठीक, एकटा हलला तर पाना काढावा. परतल्यावर पुन्हा पाहावे आणि पुढे दर मोठ्या प्रवासापूर्वी. गाडीची नवी उंची जमिनीपासून तंबूच्या माथ्यापर्यंत मोजून, ठळक अंकांत लिहून चालकासमोर चिकटवावी. १.७ मीटरची गाडी आता दोन मीटरच्या पुढे गेलेली असते, आणि वाडीच्या वाटेवरील आंब्याची फांदी, देवळाची कमान, लोंबती वीजतार किंवा शहरातील तळघराचा वाहनतळ यांना आपल्या विस्मरणाची दया येत नाही.

भार वर गेल्याने गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो, ही गोष्ट घाटमुलुखात कोणी सांगावी लागू नये. कशेडीला आता बोगद्याची वाट झाली असली तरी भोस्ते घाट आहे, दापोलीकडील चढउतार आहेत, आणि खोपीवरून सह्याद्री चढणारा रघुवीर घाट तर आहेच. वळणाआधीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये आणि मालक-पुस्तकात भारित गाडीसाठी सांगितला असेल तेवढा हवेचा दाब टायरमध्ये ठेवावा. वाऱ्याचा रोध वाढल्याने इंधन अधिक लागते ते लागतेच. रघुवीर घाटाने वर जाणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की पलीकडे कोयना अभयारण्याचा मुलूख येतो, तो २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे, आणि तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून रात्रीचा मुक्काम करता येत नाही. रसाळगडाच्या पायथ्याशी राहावयाचे असेल तर वाडीतील वडीलधाऱ्यांना विचारून, ते दाखवतील त्या जागी गाडी लावावी. वैशाखातील ढगांच्या गडगडाटात उघड्या सड्यावर तंबू उभारून निजणे धोक्याचे, आणि पुळणीवर भरतीच्या रेषेत गाडी नेणे त्याहून.

मुक्कामानंतर तंबू मिटताना घाई होते, आणि नासाडी येथूनच सुरू होते. पौष-माघात जगबुडीच्या खोऱ्यात पहाटे दाट धुके उतरते, बाहेरचे कापड दवाने भिजते आणि आतून निजलेल्यांच्या श्वासाची वाफ कापडावर थिजलेली असते. झोपताना दोन्हीकडची झडप थोडी उघडी ठेवल्यास ही आतली ओल पुष्कळ उणावते. सकाळी कापड कोरडे होईतो थांबणे उत्तम. थांबता येत नसेल तर ओला तंबू मिटून घरी यावे, पण त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तो पुन्हा उघडून, गादी उभी करून वाळवावा. मुरूड-हर्णैहून परतल्यावर गोड्या पाण्याने तंबू, दांड्या आणि बोल्ट धुऊन काढावेत.

उतरविण्याचे काम चढविण्याहून अवघड आहे असे मी मानतो, कारण त्या वेळी हौस संपलेली असते, उकाडा असतो, पाऊस तोंडावर आलेला असतो आणि सहा महिने दव व मीठ खाल्लेले बोल्ट हट्ट धरून बसलेले असतात. म्हणून दिवस आधी ठरवावा आणि माणसे आधी सांगून ठेवावीत. आदल्या संध्याकाळी प्रत्येक नटावर गंज सोडविणारे तेल सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी तंबू पूर्ण उघडून, झाडून, वाळवून, शिडी व सुटे भाग काढून घट्ट मिटावा आणि पट्ट्यांनी बांधावा. मग नट कर्णरेषेनेच थोडथोडे सैल करावेत. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन नट मात्र अखेरपर्यंत अर्धवट आवळलेले राहू द्यावेत, आणि चारही माणसे आपापल्या जागी उभी राहिल्यावरच ते काढावेत. सगळे बोल्ट काढून मग माणसे गोळा करण्याची पद्धत अत्यंत घातक आहे, कारण तोवर जवळपास साठ किलोंचा जिन्नस टपावर नुसता टेकलेला असतो. एखादा नट काही केल्या सुटेना तर त्याला ज्योतीने तापवू नये, शेजारी कापड आहे. करवतीने बोल्ट कापून टाकावा आणि नवा आणावा. उचलताना आधी सरळ वर, बोल्टांची खालची टोके दांडीपासून मोकळी होईतो, आणि मग बाजूला. ओढल्यास तेच बोल्ट टपाचा रंग खरवडून नेतात. चेन-पुलीने चढविला असेल त्याने चेन-पुलीनेच उतरवावा.

उतरल्यावर दांड्याही काढाव्यात, त्यांच्या पायांखालचा टप पुसून तेथे रंग गेला आहे काय हे पाहावे, आणि बोल्ट, पट्ट्या, किल्ल्या एका पिशवीत घालून ती तंबूलाच बांधून ठेवावी. ठेवण्याच्या जागेविषयी खेडकरांना वेगळे सांगणे प्राप्त आहे. जगबुडी आणि नारिंगी या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरते हे येथे कोणास नवे नाही, आणि २२ जुलै २०२१ चा पूर तर ताजाच आहे; तेव्हा सखल भागात राहणाऱ्यांनी तळमजल्यावरील खोलीचा किंवा गाडीखान्याचा विचार सोडून द्यावा आणि तंबू वरच्या मजल्यावर, नाहीतर उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावा. जमिनीवर लाकडी पट्ट्या टाकून त्यांवर तो आडवा ठेवणे श्रेयस्कर. जागा नसल्यास निर्मात्याने परवानगी दिली असेल त्या कडेवर, खाली जाड रबर घालून, उभा करावा. जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तिला तो टेकवू नये. सभोवार हवा खेळती राहील असे सुती कापड वरून घालावे, प्लास्टिकने गुंडाळू नये, आणि उंदरांचा बंदोबस्त करावा, कारण गादीचा स्पंज त्यांना फार प्रिय असतो.

श्रावणात उघडीप पडली की तंबू एकदा उलगडावा. गादी उचलून तळाचे कोपरे पाहावेत, बुरशीचे काळे ठिपके दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ कुंच्याने धुऊन सावलीत, वाऱ्यावर वाळवावे, आणि चेनींवर सिलिकॉनचा फवारा मारावा. नवे नट आणि वॉशर याच सुमारास आणून पिशवीत टाकले म्हणजे दिवाळीनंतर, ज्या दिवशी चारही माणसे मोकळी सापडतील त्या दिवशी, एका नटासाठी काम अडत नाही.